खाडीचा हिशेब कोण ठेवणार?

आज आम्ही तुम्हाला चारकोपच्या खाडीची गोष्ट सांगणार आहोत. चारकोप म्हणजे मुंबईच्या पश्चिम उपनगरात, कांदिवलीच्या पश्चिमेला, मनोरी खाडीच्या बाजूला वसलेली वस्ती. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या खाडीशी आम्हा गावाकडच्या बायकांचं काय देणंघेणं? पण ही गोष्ट सरकारी पैशाची आहे. तुमच्या गावचा तलाव असो, नदीकाठची दलदल असो की समुद्राची खाडी, पाणथळ जागेवर सरकारी पैसा येतो तेव्हा काय काय होतं, ते चारकोपला चाळीस वर्षांत पाहायला मिळालं.

आधी खाडीची ओळख करून घेऊ. भरतीला खारं पाणी आत येतं आणि ओहोटीला मागे चिखल उरतो. या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या वनाला कांदळवन म्हणतात. त्यात तिवर असते, चिपी असते, कांदळ असतो. तिवरीची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि हवा घेतात. या मुळांच्या जाळीत कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, चिंबोऱ्या बिळं करतात. ओहोटीला बगळे आणि चिखलपायटे चरायला उतरतात. मुंबईच्या कांदळवनात सोनेरी कोल्हेसुद्धा राहतात. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आले की पाणी पसरायला जागा लागते, ती जागाही हीच.

चारकोप हे मूळचं जुनं गावठाण. गावातल्या बायकांना खाडीची किंमत रोजच्या कालवणावरून कळत होती. सरकारी कागदावर मात्र अशी जमीन म्हणजे खाजण, दलदल, पडीक. जिथे धान्य पिकत नाही आणि घर नाही, ती जागा रिकामी धरली गेली. रिकाम्या जागेवर भराव टाकायला कुणाची हरकत नसते.

१९८५ साली मोठा सरकारी पैसा आला. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. झोपडपट्टीत आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना परवडेल असा पाणी, गटार आणि रस्ता असलेला छोटा भूखंड द्यायचा, आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना होती. म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी ती राबवली. साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मध्ये सामाईक चौक, अशी मांडणी केली. हजारो कुटुंबांना हक्काचं घर मिळालं. आज आमच्या बचत गटांच्या बैठका याच चौकांत होतात. त्यामुळे ती योजना वाईट होती असं आम्ही म्हणणार नाही. गरिबाला घर हवंच होतं. पण त्या काळच्या हिशेबात खाडीच्या नावाने एकही रकाना नव्हता. भूखंड किती, पाण्याचे नळ किती, कर्जाचे हप्ते किती, हे सगळं मोजलं गेलं. किती चिखल बुजला आणि किती तिवर गेली, हे मोजायची तेव्हा रीतच नव्हती.

मोजायची रीत कायद्याने आली. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलं. तरीही रात्रीच्या अंधारात डेब्रिजचे डंपर रिकामे होतच राहिले. मग आली २६ जुलै २००५ ही तारीख. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मिठी नदी फुगली, मुंबई बुडाली आणि शेकडो माणसं गेली. पाण्याची जागा बुजवली तर पाणी घरात शिरतं, हे त्या दिवशी सगळ्या शहराला कळलं.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर आदेश दिला. राज्यभर कांदळवन तोडायला, तिथे भराव आणि राडारोडा टाकायला बंदी झाली. कांदळवनाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंत बांधकाम नको, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो, असं न्यायालयाने सांगितलं. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून घोषित करून वनखात्याकडे द्यायला सांगितलं. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल आला. कांदळवन नष्ट करणं म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं त्यात म्हटलं आहे. सार्वजनिक हितासाठी अगदीच अटळ असेल तरच तोडीची परवानगी मिळू शकते.

नियमाचं वजन चारकोपला प्रत्यक्ष दिसलं. २००९ साली चारकोप ते वांद्रे आणि पुढे मानखुर्द अशा मेट्रोची पायाभरणी राष्ट्रपतींच्या हस्ते झाली. सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतला तो प्रकल्प होता. गाड्या उभ्या करण्याच्या कारशेडची जागा किनारा नियमांच्या कचाट्यात सापडली. २०१४ मध्ये तो करारच रद्द झाला. पुढे वेगळी आखणी करून मेट्रो आली आणि आज आम्ही तिच्यातून फिरतो. पूर्वी जी जमीन रिकामी समजली जायची, तिने एवढा मोठा प्रकल्प अडवून धरला.

पण मैत्रिणींनो, बंदीचा कागद राखण करत नाही. राखणीला माणूस लागतो, होडी लागते, रोपवाटिका लागते, आणि त्यासाठी पैसा लागतो. जानेवारी २०१२ मध्ये महाराष्ट्राने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान सुरू झालं. खात्याच्या खर्चाला वर्षाच्या अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागते. प्रतिष्ठान निधी साठवू शकतं, संशोधकांना आणि गावांना मदत देऊ शकतं. २०१५ मध्येच ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही उपनगरं याच खाडीच्या पश्चिम काठाला आहेत. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. रामसर हा पाणथळ जागांसाठी १९७१ साली इराणमध्ये झालेला करार. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ मात्र गावाकडचंच आहे, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर. त्याच्या या दर्जाची घोषणा २०२० मध्ये झाली. त्याच वर्षी पांढरी चिपी हा आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. देशाच्या वन अहवालात २०१३ साली महाराष्ट्रातलं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ते ३२४ झालं.

आता भागीदारीकडे वळू. सरकार, संस्था आणि गाव यांची भागीदारी कधी जमते आणि कधी फिसकटते, ते सिंधुदुर्गात बघा. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य घोषित झालं. आपली मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. कागदावर अभयारण्य आलं, पण गावाचं मन त्यात आलं नाही.

पुढे त्याच जिल्ह्यात केंद्र सरकार, राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी मिळून किनाऱ्याच्या संवर्धनाचा प्रकल्प चालवला. या वेळी सुरुवात लोकांच्या पोटापासून केली. चिंबोरीपालन, कालवं आणि शिणाण्यांची शेती, पर्यटन असे उद्योग बचत गटांच्या हातात दिले. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना झाडांची, पक्ष्यांची नावं सांगतात. कांदळवन उभं असेल तरच त्यांची होडी चालते. मग तिथे कुऱ्हाड पडली तर आधी कोण ओरडणार, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी राज्य सरकारने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आणली. गावात सहव्यवस्थापन समिती नेमायची, गावाने कांदळवन राखायचं आणि गटांनी उद्योग करायचा. गटाच्या उद्योगाला ९० टक्के पैसा सरकारचा आणि १० टक्के गटाचा. एकट्या व्यक्तीसाठी हे प्रमाण ७५ आणि २५. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं.

त्या दहा टक्क्यांवर जरा थांबू या. गरीब गटाकडून दहा टक्के कशाला घ्यायचे, सगळंच फुकट द्या की, असं कुणी म्हणेल. पण बचत गट चालवणारी बाई याचं उत्तर जाणते. जिची बचत पेटीत आहे ती हिशेब विचारते. फुकट आलेलं जाळं फाटलं तर कोपऱ्यात पडून राहतं, आपल्या पैशाचं जाळं मात्र आपण सांधतो. अमेरिकेतही पाणथळ जागा अशाच वर्गणीतून वाचल्या. १९३४ साली तिथल्या सरकारने बदकांच्या शिकाऱ्यांना एक डॉलरचं तिकीट घेणं सक्तीचं केलं, आणि तो पैसा बदकांच्या पाणथळ जागा राखायला वापरला. १९८९ साली त्यांनी आणखी एक कायदा केला. सरकारी अनुदान हवं असेल तर भागीदारांनीही निदान तेवढीच भर घालायची. म्हणजे आपला वाटा घालून हक्काने बसायचं ही रीत बचत गटापुरती नाही.

आता चारकोपच्या आजच्या प्रश्नाकडे येऊ. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याचं काम मुंबई महापालिकेने हाती घेतलं आहे. तो मालाड, चारकोप, गोराईच्या खाडीकाठाने जातो आणि त्यात कांदळवन जाणार आहे. वाहतुकीची कोंडी आम्हीही सोसतो, दोन-दोन तास बसमध्ये उभ्या राहतो. रस्ता हवा म्हणणारे आमच्याच चौकात आहेत आणि खाडी राखा म्हणणारेही आमच्याच चौकात आहेत. अशा वेळी सांगितलं जातं, इथली झाडं गेली तर दुसरीकडे लावू. त्यासाठी पैसाही ठेवलेला असतो. वनजमीन प्रकल्पाला गेली की भरपाई वनीकरणाचा पैसा भरावा लागतो. त्याचा कायदा २०१६ साली झाला, आणि त्या निधीतला ९० टक्के वाटा राज्याला मिळतो. शिवाय २०२३ मध्ये केंद्राने किनाऱ्यावर कांदळवन लावण्यासाठी मिष्टी नावाची योजना आणली. ५४० चौरस किलोमीटर लागवडीचं तिचं उद्दिष्ट आहे.

पैसा आहे, योजना आहेत. पण एका खाडीची भरपाई दुसऱ्या ठिकाणच्या झाडाने होते का? डोंगरावर लावलेलं साग किंवा बांबूचं रोप कोळंबीला आसरा देत नाही आणि चारकोपच्या भरतीचं पाणीही झेलत नाही. खाडीतच कांदळ लावला, तरी जिथे भरतीचं पाणी नीट येत-जात नाही तिथे रोपं मरतात. म्हणून किती रोपं लावली हा आकडा अर्धाच. तीन वर्षांनी किती जगली, तिथे चिंबोरी आली का, पक्षी उतरले का, हा उरलेला अर्धा. तो उरलेला अर्धा आकडा काठावर राहणारी बाईच बघू शकते.

हा हिशेब मागायचा रस्ताही इतिहासाने आपल्याला देऊन ठेवला आहे. उच्च न्यायालयाचा कांदळवनाचा आदेश आला ६ ऑक्टोबर २००५ रोजी, आणि सहाच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, देशात माहितीचा अधिकार पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही दहा रुपये माफ. आमच्या तलावासाठी किंवा खाडीसाठी किती पैसा आला, कुठल्या गटक्रमांकात खर्च झाला, लावलेली झाडं कोण राखतं आणि त्यातली किती जिवंत आहेत, एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब झाला की वहीत आणखी एक पान उघडा. वर आपल्या गावच्या पाणथळ जागेचं नाव लिहा. खाली तारीख घाला आणि पाणी कुठवर आहे, कोणते पक्षी दिसले, कुणी भराव टाकला का, ते लिहा. सह्या सगळ्यांच्या घ्या. ग्रामसभेत आकडा मागाल तेव्हा तुमच्या हातात तुमचाही आकडा असेल. चारकोपच्या पहिल्या हिशेबात खाडीचा रकाना नव्हता. तुमच्या वहीत तो आजच आखून ठेवा.