अंगणवाडीतलं अंगण

गेल्या हंगामात बातमीसाठी जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत बसलो होतो. निम्मं गाव कापूस वेचायला गेलेलं. एक पोरगा मुठीत चिंचोके घेऊन सेविकाताईंजवळ आला. "बाई, पाहा ना." ताई मोबाईलवर वजनं भरत होत्या. "थांब बेटा." तो पुन्हा आला, पुन्हा 'थांब'. मग माझ्याकडे आला. मीही मोबाईलवरच मजकूर टाईप करत होतो. मान वर न करता म्हटलं, "हो रे, मस्त." पोरगं बाहेर जाऊन बसलं. चिंचोके किती होते, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून ताराबाई मोडक डोक्यात आहेत. लग्नानंतर त्यांचा काही काळ आपल्या शेजारच्या अमरावतीत गेला, हे आपल्याकडेही फारसं कुणाला माहीत नसतं. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला बालवाडी काढायला गेल्या. सोबत अनुताई वाघ. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला वारली मुलुख.

बालवाडी काढली खरी, पण पाड्यावरची मुलं येईनात. आपण अशा वेळी काय म्हणतो? पालकांत जागृती नाही! या दोघींनी मुलं दिवसभर करतात काय, ते आधी पाहिलं. मग शाळाच उचलून पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव तिथलं. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, इथून सुरुवात. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? शिंपले, बिया, खडे, पानं, जे मुलांच्या हातात होतं तेच साधन. हो, चिंचोकेसुद्धा. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी बाई कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. धाकटं भावंडं कडेवर म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही, हे दिसलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. यातलं काहीच वरून आलेल्या जीआरमधून सुचलेलं नाही. पोरांकडे पाहत बसण्यातून सुचलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. आहार, लसीकरण, वजन आलं. ते हवंच होतं, मेळघाट शेजारी असताना आपण तरी नाही कसं म्हणू? मग रजिस्टरं आली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले, तेव्हा आम्ही पत्रकारांनी 'मोबाईल वापसी' म्हणून चार ओळी छापल्या. ४ डिसेंबर २०२३ पासूनच्या बेमुदत संपात मानधनाची बातमी झाली. पोरांजवळ बसायला वेळ उरतो का, हे मीसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ताईंना विचारलं. म्हणाल्या, "भाऊ, रेंज आली की भरून घ्यावं लागते, नाही तं राहून जाते. पोट्टे काय, इथंच असतात."

तुमच्या गावच्या ताईंना एकदा विचारून पाहा, दिवसातला किती वेळ मोबाईल घेतो आणि किती मुलं. गावाचं नाव नको, ताईंचं तर नकोच, उगाच नोटीस यायची. फक्त तालुका आणि वेळ लिहा. पुरेशी उत्तरं जमली की बातमी करतो.