कोनावलंबी चुंबकरोध, सेंद्रिय संवाहकांतील

सेंद्रिय संवाहकाचा स्फटिक तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून क्षेत्राची दिशा सावकाश फिरवत नेली, तर ठरावीक कोनांवर त्याचा विद्युत् रोध ठळकपणे वाढतो किंवा घटतो. या आविष्काराला कोनावलंबी चुंबकरोध म्हणतात. इलेक्ट्रॉन विखुरला जाण्याआधी त्याला आपली कक्षा बरीचशी पार करता यावी लागते. म्हणून अतिशुद्ध स्फटिक, काही केल्विन इतके नीच तापमान आणि अनेक टेस्लांचे क्षेत्र लागते.

द्विमितीय संवाहक : बीईडीटी-टीटीएफ या रेणूच्या लवणांत रेणूंचे संवाहक थर आणि ऋण आयनांचे निरोधक थर आलटून पालटून असतात. थरातल्या थरात वीज सहज वाहते, थरांआरपार मात्र कष्टाने. त्यामुळे त्यांचे फेर्मी पृष्ठ (संवेग-अवकाशात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या व रिकाम्या अवस्थांमधील सीमा) किंचित नागमोडी दंडगोलासारखे असते. सोव्हिएत संघात कार्त्सोव्निक व सहकाऱ्यांना 1988 मध्ये आणि जपानमध्ये काजिता व सहकाऱ्यांना 1989 मध्ये अशा लवणांत रोधाची आंदोलने आढळली. यामाजी यांनी 1989 मध्ये त्यांचा उलगडा केला. क्षेत्र थरांच्या लंबाशी विशिष्ट कोन करते, तेव्हा फेर्मी पृष्ठावरील सर्व बंद कक्षांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे होते. मग इलेक्ट्रॉनांचा थरांआरपारचा सरासरी वेग शून्यावर येतो आणि त्या दिशेचा रोध शिखर गाठतो. ही शिखरे कोनाच्या स्पर्शज्येनुसार समान अंतरांवर येतात.

एकमितीय संवाहक : टीएमटीएसएफ या रेणूच्या लवणांत रेणूंच्या रांगांमधून वीज वाहते आणि फेर्मी पृष्ठ दोन नागमोडी पत्र्यांचे असते. क्षेत्र रांगांना लंब असलेल्या प्रतलात फिरवताना काही ‘जादुई कोनां’वर वेगळे वर्तन दिसेल, असे भाकीत लेबेड यांनी 1986 मध्ये केले. या कोनांवर इलेक्ट्रॉनाच्या दोन दिशांतील आवर्तगतींच्या वारंवारतांचे गुणोत्तर परिमेय होते व रोधात खळगे पडतात. रांगांची दिशा ज्यात येते अशा प्रतलात क्षेत्र फिरवल्यास मिळणारी निराळी आंदोलने डॅनर, कांग व चैकिन यांनी 1994 मध्ये नोंदवली.

महत्त्व : रोधाची शुब्निकोव्ह–द हास आंदोलने क्षेत्राची तीव्रता बदलताना घडतात. येथील कोन मात्र तीव्रतेवर अवलंबून नसतात. ते केवळ स्फटिकजालक व फेर्मी पृष्ठ यांच्या भूमितीने ठरतात. म्हणून शिखरांमधील अंतरावरून फेर्मी पृष्ठाचा आकार थेट मोजता येतो. सेंद्रिय स्फटिकांत विकसित झालेली ही पद्धत पुढे स्ट्राँशियम रुथेनेट आणि थॅलियमयुक्त ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहक यांच्या अभ्यासातही यशस्वी ठरली.