वणव्याची साक्ष सालीत

मध्य प्रांतातल्या होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीचे जंगल 1865 मध्ये राखीव झाले. त्याच सुमारास कॅप्टन पिअर्सन यांनी जाळरेषा आखून, पहारे बसवून ते वणव्यापासून वाचवून दाखवले. एवढे मोठे जंगल उन्हाळाभर आगीविना राहू शकते, यावर तोवर अनेक अधिकाऱ्यांचाही विश्वास नव्हता. देशाचे पहिले वन महानिरीक्षक ब्रँडिस यांच्या खात्याला या यशाने दिशा मिळाली आणि वणव्याचा बंदोबस्त हे वनरक्षणाचे पहिले कर्तव्य ठरले. मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळणारे, नव्या गवतासाठी माळ पेटवणारे, दहिया किंवा बेवर पद्धतीने, म्हणजे रान तोडून-जाळून, शेती करणारे गोंड, कोरकू आणि बैगा यांच्याकडे बोट दाखवणे मग सोपे झाले. 1878 च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवले. या सगळ्यामागे एक गृहीतक होते: वणवा हा माणसाच्या बेपर्वाईने जंगलात घुसलेला उपरा आहे. माझ्या मते हे गृहीतक झाडांच्या सालीपुढेच टिकत नाही, आणि ती साल खात्याची माणसे रोज पाहत होती.

खोडाची जाडी वाढवणारा पेशींचा नाजूक थर सालीच्या लगेच आत असतो. त्याचे तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत गेले की तो मरतो, आणि खोडाभोवती सर्व बाजूंनी मेला तर वरचे झाडही जाते. गवताची आग खोडापाशी फार वेळ रेंगाळत नाही. त्यामुळे तेवढ्या अवधीत उष्णता आत पोचते की नाही, यावर झाडाचे जगणे ठरते. हा अवधी सालीच्या जाडीच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड असेल तर झाडाला सुमारे चौपट वेळ मिळतो, म्हणजे काही मिलिमीटरचा फरकही निर्णायक ठरतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि खोल भेगांची असते. जुन्या शालवृक्षाची साल अडीच ते पाच सेंटीमीटर भरते. उलट सह्याद्रीच्या सदाहरित रानातल्या अंजनीची साल पातळ असते. खात्याच्या लाकडाच्या हिशेबात सालीसह घेर आणि साल वगळून घेर असा भेद केला जाई, म्हणजे जाडीची मोजमापेही होती. पण तिथे साल म्हणजे वजा करायची तूट होती. ती कशासाठी वाढली असेल, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता.

कोणी म्हणेल, जाड साल कोरड्या हवेमुळे, किडीपासून बचावासाठी किंवा पाणी साठवण्यासाठीही असू शकते. ही कारणे खरी आहेत. ऐनाची काही झाडे ऐन उन्हाळ्यात खोडात पाणी साठवून ठेवतात, हे जाणकारांना माहीत आहे. पण केवळ कोरडेपणा हेच कारण असते, तर भरपूर पावसाच्या बंगालमधील डुआर्सच्या शालवृक्षाला एवढी जाड साल का असावी? तिथे पाऊस खूप, पण गवतही उंच, आणि कोरड्या महिन्यांत ते पेटते. जगभरच्या मोजमापांतूनही हेच दिसते की जिथे आग वारंवार लागते तिथल्या झाडांची साल जाड असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसाने शतकानुशतके जंगल जाळल्यामुळे पातळ सालीची झाडे मागे पडली आणि जाड सालीची उरली, असे का नसावे? तसेही काही ठिकाणी घडले असेल. मात्र त्यातूनही आगीचे जुनेपणच सिद्ध होते. शिवाय साल हे एकच साधन नाही. सागाचे रोप वरून जळाले तरी मुळाशी जगते, दरवर्षी नवा कोंब फेकते आणि मूळ पुरेसे पोसले की एका वर्षी जोमाने वर निघते. पळस मुळांवरून फुटतो. आगीला तोंड देण्याच्या इतक्या रीती एकाच रानात सापडाव्यात, हा मला योगायोग वाटत नाही.

खात्यातल्या काहींना हे दिसले होते. 1896 मध्ये स्लेड यांनी ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात ब्रह्मदेशातील अतिरेकी आगबंदीवर लेख लिहिला. आग थांबल्यावर बांबू आणि सदाहरित झाडोरा माजतो आणि त्याच्या सावलीत सागाची रोपे वर येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे ब्रह्मदेशातल्या दमट सागवनांत आगबंदी सैल झाली, आणि आसाम-बंगालमध्ये शालवृक्षाची नवी पिढी यावी म्हणून मुद्दाम, ठरवून जाळण्याची पद्धत आली. 1921 मध्ये ट्रूप यांनी भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जातीजातीगणिक आग सोसण्याच्या ताकदीची नोंद आहे. अलीकडे बेंगळुरूच्या जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांनी तर ही पानगळीची रानेच गवत आणि आगीने घडलेली सॅव्हाना आहेत, असे मांडले आहे.

यावरून दरवर्षी जाळा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जाड साल घेऊन कोणतेही झाड जन्मत नाही. ती यायला वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे दोन वणव्यांमध्ये मिळावी लागतात. अंजनीच्या रानाला तर एकही वणवा परवडणारा नाही. म्हणजे प्रश्न कोणत्या रानात, किती वर्षांनी आणि कोणत्या महिन्यात, असा आहे. कायद्याने मात्र सगळ्या राखीव वनांना एकच माप लावले. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीने आग लागली, तर दोषीला शिक्षा झाली असली तरी त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचेच हक्क सरकार स्थगित करू शकते. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 मध्ये ही तरतूद आहे.