औदुंबर आणि घाणेरी

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर औदुंबराच्या मुळाशी गोदावरी प्रकटते, ही श्रद्धा आपण जाणतो. हालाच्या ‘गाथासप्तशती’त गोदेचा काठ आहे, मोह आणि कदंबही आहेत. पुढे आपली बागेची कल्पनाच पालटली. १९व्या शतकाच्या आरंभी अमेरिका खंडातली घाणेरी शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि कुंपण ओलांडून रानोमाळ पसरली. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. अंगणात मान मात्र त्यांना. बहावा, पांगारा, आपले राज्यपुष्प तामण यांत शोभा उणी आहे काय? औदुंबराला पार बांधणारे आपण तामणाला अंगण देत नाही. झाड नजरेआड झाले की कवितेतले त्याचे नाव उद्या वर्गात तळटीप देऊनच शिकवावे लागेल.