पाचशे सदतीस मते

मतमोजणीच्या दिवशी पराभूत पक्षाच्या प्रतिनिधीकडून एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "तिसऱ्याने मते खाल्ली." महाराष्ट्राबाहेर घालवलेल्या सेवाकाळात मी ते तीन भाषांतून ऐकले आहे. या तक्रारीत तथ्य किती, हे पाहायचे तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 2000 साली झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीइतके बोधप्रद प्रकरण मला दुसरे आढळले नाही. त्याची राजकीय बाजू वाचकांना परिचित असेल. मला सांगायची आहे ती कचेरीतली बाजू.

अमेरिकेत तिसरा उमेदवार क्वचितच जिंकण्यासाठी उभा असतो. 1912 साली माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून लढले. त्यांना 27 टक्के आणि अधिकृत उमेदवार टॅफ्ट यांना 23 टक्के मते पडली, आणि वुड्रो विल्सन जेमतेम 42 टक्क्यांवर 435 निर्वाचक मते घेऊन अध्यक्ष झाले. तेथे फुटीचा हिशेब स्वच्छ आहे. 1992 साली मात्र रॉस पेरो यांना 19 टक्के मते मिळूनही एकही निर्वाचक मत मिळाले नाही, आणि मतदानोत्तर पाहण्यांनुसार त्यांचे मतदार दोन्ही पक्षांकडे जवळपास सारखेच वळले असते. तिसऱ्याची मते उचलून दुसऱ्याच्या बेरजेत टाकता येत नाहीत, ती यामुळेच.

फ्लोरिडात सुमारे 60 लाख मतदान झाले. जॉर्ज बुश यांची अधिकृत आघाडी 537 मतांची, तर हरित पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मते. राज्याची 25 निर्वाचक मते बुश यांना मिळाली आणि एकूण निकाल 271 विरुद्ध 266 असा लागला. अल गोर यांच्या समर्थकांनी सारा राग नेडर यांच्यावर काढला. पण त्या मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते, आणि सर्वांत खाली राहिलेल्या समाजवादी कामगार पक्षाच्या उमेदवारालाही 562 मते होती! आठांपैकी प्रत्येकाची मते विजयाच्या फरकाहून अधिक. मग दोष एकट्या नेडर यांच्या माथी का?

हे दहा उमेदवार आले कोठून? 1998 साली फ्लोरिडाच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन लहान पक्षांना मतपत्रिकेवर येण्याच्या अटी सैल झाल्या. हेतू उदारच होता. पाम बीच परगण्याच्या निवडणूक अधिकारी महिलेपुढे त्यातून एक साधा प्रश्न उभा राहिला : दहा नावे एका पानावर घ्यायची तर अक्षरे बारीक होणार, आणि तेथे वृद्ध मतदार फार. त्यांनी अक्षरे मोठी ठेवली आणि नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली. छिद्रे पाडावयाची रांग मधोमध. डावीकडे बुश पहिले, गोर दुसरे. परंतु दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट बुकॅनन यांचे आणि गोर यांचे तिसरे. नमुना मतपत्रिका आधीच प्रसिद्ध झाली होती. मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत कोणाच्याही लक्षात काही आले नाही.

गोर यांच्या त्या बालेकिल्ल्यात कट्टर उजव्या बुकॅनन यांना सुमारे 3,400 मते पडली. ती बहुतांशी आपली नसावीत, हे स्वतः बुकॅनन यांनीच मान्य केले. शिवाय दोन छिद्रे पडल्यामुळे 19 हजारांहून अधिक मतपत्रिका त्या परगण्यात बाद ठरल्या. तिसऱ्या उमेदवारांनी मते घेतली ती एक गोष्ट; त्यांच्या केवळ संख्येने मतपत्रिकेचे रूप पालटले ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक निर्णायक.

कागदी मतपत्रिकांच्या काळात काम केलेल्यांना हे नवे वाटणार नाही. आपण मतपत्रिका आधी उभी घडी घालायला सांगत असू, कारण शिक्क्याची ओली शाई समोरच्या चौकोनात उमटली तर दुसऱ्याच उमेदवाराचा प्रतिनिधी हक्क सांगे. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत बाद करू नये, असा आपला नियम. फ्लोरिडाचा कायदाही हेतूच पाहा म्हणत होता. मात्र तो कसा ओळखावा याचा मापदंड परगण्यागणिक निराळा. 12 डिसेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणावर बोट ठेवून फेरमोजणी थांबवली.

आपल्याकडे यंत्रे आली म्हणून हा प्रश्न सुटला असे नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात विजयाचा फरक सुमारे 33 हजारांचा होता. पराभूत उमेदवाराचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि ज्या अपक्षाच्या चिन्हाचे मराठी नाव नुसतेच 'तुतारी' होते त्याला 37 हजार मते. त्यांतली किती चुकून पडली हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

फ्लोरिडाने 2001 साली छिद्रांची पद्धत कायद्याने बंद केली. पाम बीचचे ते पद आपल्याप्रमाणे नेमणुकीचे नाही, निवडणुकीनेच भरले जाते. अक्षरे मोठी करणाऱ्या त्या अधिकारी 2004 साली पुन्हा उभ्या राहिल्या आणि हरल्या.