माणूस कसा रेखाटावा?



व्यंगचित्रपट म्हणजे मुलांची करमणूक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहासावर बोलण्यासाठी उभा राहिलेला कामगार संघटनेचा माणूस कार्टूनची गोष्ट काढतो, याचे म्हणूनच काहींना नवल वाटेल. चित्रकलेच्या शाळेची पायरी आम्ही कधी चढलेलो नाही; आमचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि वाचनालयांच्या बाकांवर झाले. पण अमेरिकेतील एका कामगार संघटनेने १९४६ साली तयार करवून घेतलेला, दहाएक मिनिटांचा ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ हा चित्रपट आम्ही पाहिला, आणि त्यातील माणसे अशीच का काढली, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास ते एका संपात सापडते. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. दहा मिनिटांना १४,४०० झाल्या. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. डिस्नेच्या कारखान्यात (कारखानाच म्हणावयाचे!) मुख्य चित्रकार हालचालीचे मोक्याचे टप्पे काढी, साहाय्यक मधली चित्रे भरीत, आणि त्या रेषा सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर शाईने उतरवून त्यांत रंग भरण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ने कंपनीला पैसा आणि कीर्ती दोन्ही दिली, पण पगारांत जमीन-अस्मानाचे अंतर राहिले, आणि हाताखालच्या कितीतरी जणांची नावे पडद्यावर येत नसत. ‘गूफी’ला त्याची खास चाल देणारे आर्ट बॅबिट हे स्वतः भरपूर पगार घेणारे, तरी ते संघटनेत उतरले, आणि कामावरून गेले. मे १९४१ मध्ये संप झाला. चित्रकार स्वतः रंगवलेले फलक घेऊन फाटकावर उभे राहिले. अखेर कंपनीला संघटना मान्य करावी लागली. पण अनेक गुणी माणसांनी पुढे ती जागा सोडली.

त्यांत काहींचे गाऱ्हाणे केवळ पगाराचे नव्हते. डिस्नेची शैली गोलाईची, मऊ, जणू हाडामांसाचे प्राणीच पडद्यावर बागडताहेत अशी. डेव्हिड हिल्बरमन, झॅक श्वार्ट्झ, जॉन हब्ली ही मंडळी पिकासो-मातीस पाहत होती. चित्राने चित्रच का असू नये, असा त्यांचा सवाल होता. १९४३ साली हिल्बरमन, श्वार्ट्झ आणि स्टीफन बोसुस्टो यांनी एक लहानशी संस्था काढली. तीच पुढे ‘युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका’ झाली. १९४४ साली तिने ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या मोटार-कामगारांच्या संघटनेसाठी रूझवेल्ट यांच्या निवडणुकीचा चित्रपट केला. दिग्दर्शक चक जोन्स दुसरीकडे नोकरीला होते. हे काम त्यांनी नोकरीचे तास संपल्यावर केले.

आता खरा पेच पाहा. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळाली, म्हणून हजारो गोऱ्या कामगारांनी काम बंद पाडले. हे मालकाचे कारस्थान म्हणून सोडून देता येत नाही. बाहेर पडलेले कामगार आपलेच होते. आम्हांस तरी त्यांना हसण्याचा अधिकार नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात उघड मांडावा लागला.

अशा आपल्याच माणसांना दाखवण्यासाठी मोटार-कामगारांच्या संघटनेने ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ काढवून घेतला. आधार होता रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानवशास्त्रज्ञ स्त्रियांच्या १९४३ मधील पुस्तिकेचा: रक्ताचे गट सर्व वंशांत तेच, भेद कातडीचा. परंतु हे चित्रात कसे आणावयाचे? तोवरच्या कार्टूनांत कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जाड ओठ, बटबटीत डोळे आणि हशा. त्याच रेषेने बंधुत्व सांगू गेले असते, तर तोंडाने एक आणि हाताने दुसरेच झाले असते.

रॉबर्ट कॅनन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रकारांनी सोपा पण मोठा तोडगा काढला. बारीक रेषा, सपाट रंग, पार्श्वभूमीला मोजक्या खुणा. आणि गोऱ्याला जी रेषा, तीच काळ्याला व पिवळ्याला. थट्टा करावयाची ती कोणाच्या नाकाडोळ्यांची नव्हे, तर प्रत्येकाच्या आत दडलेल्या संशयाची. त्यासाठी त्यांनी एक हिरवे भूत काढले. नायक हेन्री शेजाऱ्याशी हात मिळवू लागला, की हे भूत त्याला मागे खेचते. खलनायक परका नसून आपल्याच अंगातला आहे, हे त्या एका पात्राने पोरासही कळते.

हीच शैली १९५० च्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’मध्ये फुलली. शब्दांऐवजी आवाज काढणाऱ्या त्या एकाकी मुलाभोवती भिंती नाहीत, जमीन नाही; रंगच त्याच्या मनाबरोबर पालटतात. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. माणसांच्या वाट्याला मात्र निराळेच आले. ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे हिल्बरमन यांचे नाव कम्युनिस्ट म्हणून घेतले. ‘ब्रदरहुड’चे एक लेखक रिंग लार्डनर (धाकटे) समितीला हवे ते उत्तर देईनात, म्हणून १९५० साली तुरुंगात गेले. १९५२ मध्ये हब्लींनाही संस्था सोडावी लागली. रेषा राहिली, ती ओढणारे हात दूर सारले गेले. पुढे दूरचित्रवाणीने तीच साधी रेषा उचलली, ती बहुधा खर्च वाचतो म्हणून!

तेव्हा शैली म्हणजे निव्वळ नटवेपणा, असे आता कोणी आम्हांस सांगू नये. माणूस कसा काढावा हे ठरवताना, त्याला काय समजावे हेही ठरत असते. आमच्या सभांच्या फलकांवरही कामगार काढलेला असतो. बहुतेक वेळा तो एकटा, पिळदार दंडांचा पुरुष असतो. झाडूवाली बाई, कंत्राटी पोरगा, परप्रांतातून आलेला हमाल त्यात कोठे आहेत? पुढच्या फलकाला हात घालण्यापूर्वी आम्ही हा प्रश्न आमच्या संघटनेत विचारणार आहोत. हिरवे भूत आमच्याही अंगात आहे, हे त्या दहा मिनिटांच्या चित्रपटाने आम्हांस दाखवून दिले आहे.