ग्वांगझूमध्ये रोजचा खर्च किती? हलाल जेवण, मेट्रो आणि बाजाराचा हिशेब

चीनच्या दक्षिणेला असलेलं ग्वांगझू हे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या ओळखीचं शहर. आता व्यापारी एकटे जात नाहीत, बायको-मुलांनाही सोबत नेतात. घरून निघताना सगळ्यांचे तीन प्रश्न असतात. हलाल जेवण मिळेल का? फिरायला किती लागतील? खरेदी परवडेल का? शहर महाग नाही. पण हॉटेल चुकीच्या भागात घेतलं तर जेवण, नमाज आणि टॅक्सी या तिन्हींचा खर्च वाढतो. म्हणून तिकीट काढल्यावर आधी मुक्काम कुठे करायचा ते ठरवा.

पैसे कसे द्यायचे

तिथलं चलन युआन. बोलताना लोक त्याला ‘क्वाय’ म्हणतात. 1 युआन म्हणजे सुमारे 12 रुपये धरा. जाण्याआधी त्या दिवसाचा दर मात्र बघून घ्या.

भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे मोबाइलवर पैसे घेतात, पण आपलं यूपीआय त्यांच्या क्यूआर कोडवर चालत नाही. अलीपे हे अ‍ॅप भारतातूनच डाउनलोड करा, पासपोर्टची माहिती भरा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेला सांगून कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा सिम बंद ठेवू नका. 200 युआनपर्यंतच्या बिलावर अ‍ॅप जादा पैसे घेत नाही, त्यावरच्या बिलावर 3 टक्के लागतात. बँकेचा आकार वेगळा.

थोडे रोख युआनही जवळ असू द्या. दुकानदाराने रोख नाकारणं तिथे कायद्याला धरून नाही, पण सुट्टे नसतात ही खरी अडचण. 10 आणि 20 च्या नोटा ठेवा.

मुक्काम कुठे

युएश्यू भागात श्याओबेई नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आफ्रिकी आणि अरब व्यापाऱ्यांची वर्दळ इथे बरीच वर्षं आहे, त्यामुळे उइघुर, तुर्की, अरबी अशी हलाल हॉटेलं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात. श्येनश्येन मशीदही इथून फार लांब नाही. तिच्या आवारात एक जुनी कबर आहे. स्थानिक मुसलमान ती हजरत साद बिन अबी वक्कास रजि. यांची मानतात. इतिहासकारांना मात्र ते मान्य नाही, त्यांची कबर मदिन्यात आहे. शहरातली दुसरी जुनी मशीद म्हणजे उंच मिनाराची हुआयशंग. शीमेनखोऊ मेट्रो स्टेशनवर उतरून तिथे चालत जाता येतं. जुम्याला या दोन्हींपैकी एक मशीद जवळ पडेल असा मुक्काम सोयीचा.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कँटन फेअर भरतो. 1957 पासून चालत आलेला हा व्यापारी मेळा आहे. त्या दिवसांत हॉटेलांचे दर खूप चढतात. मेळ्याचं काम नसेल तर त्या तारखा टाळा.

जेवण

‘छिंगजन’ हा शब्द पाठ करा. चिनीत हलालला हेच म्हणतात. पाटीवर अरबीत ‘हलाल’ लिहिलेलं असेलच असं नाही, अनेक ठिकाणी ती अक्षरं काढली गेली आहेत. म्हणून छिंगजनची दोन चिनी अक्षरं मोबाइलमध्ये फोटो म्हणून ठेवा आणि पाटीशी ताडून बघा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे सापडणारी जागा म्हणजे लांझोऊ लामियानचं दुकान. हाताने ओढलेल्या शेवया, बीफचा रस्सा, वर कोथिंबीर. नाव लांझोऊचं असलं तरी यातली पुष्कळ दुकानं छिंगहाय प्रांतातली हुई मुसलमान कुटुंबं चालवतात. एक वाटी साधारण 15 ते 20 युआनला, म्हणजे 180 ते 240 रुपयांना पडते. मुलांना तिखट नको असेल तर अंड्याचा भात मागवा, तोही तेवढ्यातच येतो. ‘दापानजी’ म्हणजे बटाटे घातलेलं कोंबडीचं मोठं ताट. 80 ते 100 युआनमध्ये घरातले तिघं-चौघं जेवतात. उइघुर दुकानात नान, सीख कबाब आणि गाजर घातलेला पुलाव मिळतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चिनीत नुसतं ‘रौ’ म्हटलं की बहुतेक वेळा डुकराचं मांस समजलं जातं. बीफ ‘न्यूरौ’, मटण ‘यांगरौ’. साध्या दुकानातल्या भाजीत, बिस्किटांत आणि डिमसममध्येही डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मॅकडोनाल्ड आणि केएफसीही तिथे हलाल नाहीत. न्याहारीला फळं, दूध, उकडलेली अंडी आणि उइघुर नान हे निर्धास्त.

नळाचं पाणी पिऊ नका. बाटली 2 युआनला मिळते. गरम पाणी स्टेशनवर, विमानतळावर फुकट असतं. थर्मास नेलात तर चहाचाही खर्च वाचतो.

प्रवास

मेट्रोचं तिकीट पहिल्या 4 किलोमीटरला 2 युआन. 12 किलोमीटरला 4, 24 किलोमीटरला 6. विमानतळावरून शहराच्या मध्यभागी 7-8 युआनमध्ये पोचता येतं. प्रत्येक स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते, तेवढी पाच मिनिटं जादा धरा. साधी बस 2 युआन.

टॅक्सीला पहिल्या 3 किलोमीटरचे 12 युआन, पुढे किलोमीटरला 2.60, आणि लांबच्या अंतराला दर आणखी चढतो. विमानतळापासून 100 ते 150 युआन होतात. चौघांचं मेट्रोचं तिकीट 30 युआनच्या आसपास. सामान कमी असेल तर मेट्रोच बरी. रात्री उशिरा उतरलात तर मेट्रो बंद असते, तेव्हाच टॅक्सी करा.

गुगल मॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात, म्हणून रोमिंगचा पॅक खर्चात धरा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहून घ्या, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

खरेदी

कपड्यांसाठी रेल्वे स्टेशनजवळचं बायमा मार्केट, खेळणी आणि सुकामेव्यासाठी यीदे रोड. हे ठोक बाजार आहेत. एक नग घ्यायला गेलात तर दुकानदार नाही म्हणेल किंवा दर वाढवून सांगेल. भावाची घासाघीस कॅल्क्युलेटरवर चालते. तो आकडा टाइप करतो, आपण आपला टाइप करायचा. घरच्यांसाठी दोन-चार वस्तू हव्या असतील तर बीजिंग रोडवरची किरकोळ दुकानं बरी.

ठरावीक दुकानांत परदेशी पाहुण्यांना कर परत मिळतो. एका दिवशी एका दुकानात किमान 200 युआनची खरेदी लागते. फॉर्म दुकानातच भरून घ्या आणि विमानतळावर वस्तू दाखवा. घेण्याआधी विमानाची वजनमर्यादा आणि भारतीय कस्टमची सूट तपासा, नाहीतर स्वस्तात घेतलेलं घरी येईपर्यंत महाग पडतं.

चौघांचा एका दिवसाचा हिशेब

न्याहारी 40 युआन, दुपारी लामियान 80, रात्री हलाल हॉटेलात जेवण 200, पाणी-फळं 20, मेट्रोच्या तीन फेऱ्या 36. एकूण 376 युआन, म्हणजे सुमारे 4,500 रुपये. हॉटेलचं भाडं आणि खरेदी यात धरलेली नाही. रात्रीही लामियानच खाल्लं तर हाच आकडा 3,100 रुपयांच्या आसपास येतो.